दातपडकी दाताळी

दात पडलेल्या म्हातारीचं बोलणं कुणाला धड कळत नाही आणि मला तर जीभही नाही. तरी मित्रांनो, जरा बसा. मी एक जुनी दाताळी आहे. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी आणि पट्टीत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, म्हणजे माझे दात. बागेतला पालापाचोळा ओढायला जी वापरतात ना, तिच्याच कुळातली, फक्त अंगाने थोराड. कुणी मला दाताळं म्हणतं, कुणी दंताळं. ज्या सुताराने मला घडवलं तो पहिल्या दिवसापासून 'ही दाताळी' म्हणाला, म्हणून मी बाईमाणूस झाले. नाव देणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं, ते पुढे कळेलच.

सुताराचं दुकान रस्त्याला लागून होतं. पुढच्या बाजूला दारं-खिडक्यांचं काम चाले, मागच्या अंगणात होड्यांचं. मी दोन्हींच्या उरल्यासुरल्यातून झाले. दांडा एका मोडक्या शिडीचा, पट्टी जुन्या होडीच्या फळीची. दात मात्र नवे, कठीण लाकडाचे. लोखंडाचे दात खाऱ्या पाण्यात गंजतात, म्हणून लाकडाचेच हवेत असं गिऱ्हाइकाने बजावलं होतं. सुताराने एकेक दात पट्टीच्या भोकात बसवला आणि वरून पाचर मारून पक्का केला. गिऱ्हाइकाने विचारलं, "टिकेल ना?" सुतार माणूस तुटक बोलणारा. म्हणाला, "तुम्ही टिकाल तितकी टिकेल." गिऱ्हाईक हसलं आणि मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेलं.

तो होता नावाडी. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं पोचवणं हा त्याचा धंदा. त्याचं घर बांधाला लागून होतं. बांधाच्या एका अंगाला घर आणि भाजीचे वाफे, दुसऱ्या अंगाला खाजण. खाजण म्हणजे काय, ते सांगते. भरतीला जिथे समुद्राचं पाणी चढतं आणि ओहोटीला उतरतं, अशी चिखलाची सपाट जागा. तिच्यात खारं पाणी सोसणारं उंच गवत वाढतं. दुरून बघणाऱ्याला ती पडीक जमीन वाटते. पण लाट येते ती आधी या गवतात शिरते, काड्याकाड्यांत तिचा जोर जिरतो आणि बांधाशी पोचेपर्यंत ती अगदी गरीब गाय होते. गवताच्या मुळांनी चिखल धरलेला, चिखलाने बांध धरलेला आणि बांधाने घर.

आणि या खाजणात यायचं शेवाळ. विहिरीच्या पायरीवरचं निसरडं हिरवं शेवाळ नव्हे, समुद्रातलं. काही पानासारखं पातळ, काही चामड्याच्या पट्ट्यासारखं जाड, तपकिरी. त्याला मूळ नसतं. खडकाला चिकटून राहायला तळव्यासारखा एक गड्डा असतो, तेवढाच. लाटेने तो सुटला की स्वारी निघाली वाहत. भरतीबरोबर खाजणात शिरायची, गवताच्या काड्यांत अडकायची आणि खरी गंमत म्हणजे तिथेच वाढायला लागायची. ना मूळ, ना आधार. चार दिवसांचा पाहुणा म्हणून यायचं आणि घरच्यासारखं राहायचं. बरंचसं मात्र मेलेलं येई, कुजत पडे आणि त्याचा वास घरात शिरे.

नावाडी ते शेवाळ माझ्याकडून ओढून घेई, पाट्या भरून वाफ्यांत टाकी. त्याचा कोबी बघायला लोक थांबत. "समुद्राचा केर आणि माझ्या वाफ्यात सोनं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तोच शब्द घरात रुळला. शेवाळ कुणी म्हणेना, सगळे केरच म्हणत. पण तो केर त्याने कधी संपूर्ण काढला नाही. चार पाट्या भरल्या की त्याची कंबर भरून येई. मग मला बांधाला टेकवून तो होडीकडे जाई. उरलेलं तिथेच राही. त्यामागे शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. कंबरच होती.

ती माझी चांगली वर्षं. "ही दाताळी म्हणजे घरातलं कमावतं माणूस आहे," असं नावाडी एकदा शेजाऱ्याला म्हणाला होता. मी ते लक्षात ठेवलं. लाकडाला एवढी गोष्ट लक्षात ठेवायला जमते.

पुढे पोत्यातलं खत आलं. पांढरे दाणे, मूठभर फेकले की झालं. शेवाळाच्या पाट्या कोण वाहणार? मला मागच्या खोपीत खुंटीवर टांगलं. दात आहेत तर चणे नाहीत अशी माझी गत झाली. खाडीवर वरच्या बाजूला पूल झाला, तेव्हा नावाड्याची होडीही बसली. त्याचे गुडघे त्याआधीच बसले होते. त्याचे दोन्ही मुलगे मोठ्या बोटीवर कामाला लागले, एकदा गेले की कित्येक आठवडे समुद्रावरच. घरात दोन सुना आल्या. नावाडी आता ओट्यावर बसून खाजणाकडे बघत दिवस काढू लागला. सुना त्याला मामंजी म्हणत, म्हणून मीही आता तेच म्हणते.

घर लांबट होतं. एका टोकाला थोरलीचं स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला धाकटीचं. चुली वेगळ्या, छप्पर एक. थोरलीच्या घरात धूळसुद्धा विचारून बसायची. तिच्या फळीवर डबे उंचीप्रमाणे लागलेले असत आणि दोरीवर कपडेही. धाकटीच्या घरात वस्तू हरवत नसत, फक्त सापडत नसत. तिला एखादं काम सांगितलं की ती अगदी मनापासून 'उद्या' म्हणे. थोरलीला त्या एका शब्दाने कपाळशूळ उठायचा.

मी टांगलेली होते तोवर बाहेर एक गंमत चालली होती. वरच्या शेतांमध्ये जे पोत्यातलं खत पडत होतं ते सगळं काही पिकाच्या तोंडी जात नव्हतं. पावसाने धुऊन ते ओढ्यात, ओढ्यातून खाडीत येई. खाडीत ते कोण खाणार? शेवाळ. ते फुकटच्या खुराकावर पोसलं, माजलं आणि वर्षागणिक खाजणात जास्त जास्त येऊ लागलं. ज्या पोत्याने माझी नोकरी घालवली त्याच पोत्याने मला परत कामावर बोलावलं.

झालं असं. एका वादळाने खाजणात शेवाळाचा लांबच्या लांब ढीग आणून टाकला. तो घरासमोरच्या गवतावर बसला तो हलेचना. पुढच्या भरतीने त्यात भरच घातली. दिवस गेले, वास वाढला. शेवटी थोरलीने पदर खोचला, मला खोपीतून काढलं, कोळिष्टकं झटकली आणि ढीग ओढला. खाली पाहिलं तर गवत पिवळं पडून कुजलेलं. खाजणाला चांगलं थोरलं टक्कल पडलं होतं.

ओट्यावरून मामंजींनी पाहिलं. त्यांचा आवाज चढत नसे. म्हणाले, "गवत गेलं की चिखल सुटतो. चिखल सुटला की बांध. आणि बांध गेला की आपण कुठे जायचं, ते मला तरी माहीत नाही."

थोरली घाबरली. ती घाबरली की स्वच्छता काढते. "हा केर मी इथे राहूच देणार नाही, मामंजी," ती म्हणाली. "एक काडी राहू देणार नाही."

एवढा मोठा ढीग काढायलाच हवा होता, हे मी दात असलेली बाई सांगते. त्याच्याखाली गवत गुदमरून मेलं होतं. चूक तिथे नव्हती. ढीग निघाल्यावर ती थांबली नाही, तिथे होती. दर ओहोटीला ती खाजणात उतरू लागली. अंगण झाडावं तसं तिने खाजण झाडायला घेतलं. आधी उभं ओढायचं, मग आडवं. काड्यांमध्ये अडकलेले बारीक तुकडेही सोडायचे नाहीत. तिच्या दृष्टीने तो केर होता आणि केर म्हटला की तो काढायचा असतो, त्यात विचार कसला करायचा?

लोकांनी कौतुक केलं. पोस्टमन बांधावर सायकल थांबवून म्हणाला, "वहिनी, समुद्राला चांगलंच वळण लावलंत." थोरली लाजली, पण दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उतरली. कौतुक मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं खुंटीवर काढल्यावर कुणी हातात धरलं तरी बरं वाटतं.

धाकटीलाही यावं लागे. ती एक ओढ घेई आणि दोनदा सरळ उभी राही. "ताई, समुद्राला कोण झाडतं हो?" ती विचारी. थोरली मला तिच्या हातातून काढून घेई आणि तीच जागा पुन्हा ओढी.

मग एक दिवस चिखलात गडप झालेल्या, जुन्या होडीच्या नांगराच्या साखळीवर मी आदळले. मधला एक दात बुडातून तुटला. दुखलं का म्हणाल, तर नाही. पण त्यानंतर प्रत्येक ओढीत माझ्या फटीमधून शेवाळाची एक बारीक रेघ मागे राहू लागली. थोरलीला ती रेघ सहन होईना.

"धाकटे, उद्या हिला सुताराकडे ने आणि दात बसवून आण."

"उद्या नक्की, ताई," धाकटी म्हणाली.

तुम्ही ओळखलंच असेल. तो उद्या आला नाही. पुढच्या आठवड्यातही आला नाही. थोरली एकच जागा दोनदा, तीनदा ओढून रेघा पुसत राहिली. एके दिवशी दोघींचं जुंपलं. मी दोघींच्या मध्ये, बांधाला टेकलेली.

"एक काम सांगितलं होतं. एक."

"सुताराकडे मोठं काम चालू आहे, तो म्हणाला थांब. आणि ताई, समुद्र रोज आणून टाकतो ते रोज काढायचं कुणी? मला दोनच हात आहेत."

"मलाही दोनच आहेत. हे घर काय माझ्या एकटीचं आहे?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"मग तुझं तू बघ. ओहोळाच्या पलीकडचं तुझं, अलीकडचं माझं. माझ्या बाजूला मी काडी ठेवणार नाही. तुझ्या बाजूला काय हवं ते लोळू दे."

खाजणाच्या मधोमध भरतीचं पाणी आत-बाहेर करणारा एक ओहोळ होता. तो त्या दिवसापासून सीमा झाला. ज्या टोकाला जिचं स्वयंपाकघर, त्या टोकासमोरचं खाजण तिचं. ओट्यावरून मामंजी म्हणाले, "चुली वाटून झाल्या. आता चिखल वाटा." आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यांनी तरी कुणाची बाजू घ्यावी? ते उठून आत गेले.

दाताळी मात्र घरात एकच होती. त्यामुळे वाटणी झाली तरी मी दोन्हीकडे होते. सकाळी थोरलीच्या हातात, नंतर धाकटीच्या. थोरली उभं ओढे, आडवं ओढे, रेघ उरली की तिच्यावरून पुन्हा ओढे. तिची बाजू सारवलेल्या जमिनीसारखी गुळगुळीत दिसे. धाकटी मोठे ढीग तेवढे ओढून बांधावर टाके, बाकीच्या भागात माझी एक ओढ घेई आणि मामंजी बघताहेत ना एवढं पाहून घरी जाई. तिच्या बाजूला माझ्या पडलेल्या दाताच्या रेघा तशाच राहत. एक रेघ, मग थोडी मोकळी जागा, मग दुसरी रेघ. पोस्टमन आता तिच्या बाजूला बघून काही बोलत नसे, आणि न बोलण्याने जेवढं बोलता येतं तेवढं तो बोले.

मित्रांनो, चिखलात काय होतंय ते सगळ्यांत आधी मला कळत होतं, कारण माझेच दात त्यात रुतत होते. थोरलीच्या बाजूला दर ओढीबरोबर मी शेवाळाखेरीज आणखी काही ओढत होते. गवताचं बी पडून नुकते फुटलेले कोंब. चिखलाची वरची मऊ साय. उघडा चिखल उन्हात तापे, त्याला भेगा पडत आणि भरतीचं पाणी त्या भेगांतून चिखल धुऊन नेई. जुन्या गवताची मुळं उघडी पडू लागली. धाकटीच्या बाजूला जिथे शेवाळाची रेघ होती तिथे खालचा चिखल ओला आणि गार राही. वाहून येणारा गाळ त्या रेघेत अडकून बसे. बी अडके. शेवाळ कुजे आणि त्याचंच खत होई. पण मी सांगणार कशी? दात होते, जीभ नव्हती. जे हात मला धरत होते त्यांच्या मर्जीने मी ओढत राहिले.

पुढच्या वर्षी धाकटीच्या बाजूला गवत उगवलं. ते रांगांत उगवलं. हिरवी रांग, रिकामी जागा, हिरवी रांग. थोरलीने ते पाहिलं. विचारलं नाही, कारण बोलणं बंद होतं. ती आपल्या बाजूला आणखी जोर लावून ओढू लागली.

मग उधाण आलं. नेहमीच्या भरतीपेक्षा पाणी फार वर चढतं त्याला उधाण म्हणतात. त्या दिवशी त्याच्या जोडीला वारा होता. भर दुपारी पाणी खाजणावरून थेट बांधावर आलं. धाकटीच्या बाजूला लाटा गवतात शिरून मोडत होत्या. थोरलीच्या बाजूला मोडायला काही नव्हतं. लाट सरळ यायची आणि बांधाला भिडायची. मी खोपीच्या दारात टेकलेली होते, मला सगळं दिसत होतं. थोरलीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जमिनीपासून एक चीर गेली आणि ती बघता बघता रुंद झाली.

थोरली आत उभी होती. तिला काही सुचत नव्हतं. धाकटी पळत आली आणि फळीवरचे डबे उचलून आपल्या स्वयंपाकघरात न्यायला लागली. मामंजी गुडघे धरत धरत आले आणि दोघींना ओरडून बाहेर काढलं. त्यांचा चढलेला आवाज मी त्याच दिवशी ऐकला. थोड्या वेळाने स्वयंपाकघराचा कोपरा बांधासकट खाली बसला. चूल, कोनाडा, भांड्यांची मांडणी, सगळं चिखलात.

पाणी उतरल्यावर थोरली धाकटीच्या स्वयंपाकघरात गेली. तिचे डबे जमिनीवर भिंतीशी लावलेले होते. उंचीप्रमाणे. जिला स्वतःच्या घरात चमचा सापडत नाही तिने वादळाच्या धावपळीत ते तसे लावले होते. थोरली दारात बसली आणि रडली. धाकटी तिच्या शेजारी बसून राहिली.

संध्याकाळी मामंजी काठी टेकत बांधावर गेले. दोन्ही बाजू पाहिल्या. परत येऊन त्यांनी विचारलं, "पाणी एकच, वारा एकच. मग बांध इकडचाच का गेला?"

धाकटी पटकन म्हणाली, "इकडे पाण्याची ओढच जास्त आहे, मामंजी. ओहोळ इकडेच वळतो ना."

ओहोळ थोरलीच्या बाजूला वळत नव्हता. ज्यांनी जन्म या पाण्यावर काढला त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते फक्त "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थोरलीने मला खांद्यावर घेतलं आणि धाकटीला खाजणात बोलावलं. हिरव्या रांगांपाशी उभी राहून तिने विचारलं, "काल खोटं का बोललीस?"

"तुम्ही काय मुद्दाम केलंत, ताई?"

"मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच. माझी बाजू मी झाडून झाडून उघडी केली." मग ती खाली बसली आणि गवताच्या रांगेत बोटं घालून बघू लागली. "तू काय पेरलंस इथे? किती सरळ रांगा आहेत."

"मी कुठलं पेरतेय? मला घरातली कोथिंबिरीची कुंडी सांभाळता येत नाही." धाकटीने माझी पट्टी उचलून एका रांगेवर धरली. माझी फट बरोबर रांगेवर बसली. तिने मला शेजारच्या जागेवर आपटून ओढून दाखवलं. "दात पडलाय ना हिचा. जे राहिलं ते तिथून राहिलं. मी फक्त 'उद्या' म्हटलं."

थोरली बराच वेळ माझ्या फटीकडे बघत होती. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं, सुतारानेही नाही.

घरी आल्यावर ती मामंजींसमोर उभी राहिली. "मामंजी, ओहोळाचं काही नाही. धाकटीने माझ्यावर पांघरूण घातलं. केर काढता काढता मी चिखलही काढला. माझ्यामुळे बांध गेला."

मामंजी म्हणाले, "केर हा शब्द माझा आहे. मी गमतीने म्हणायचो. तू खरा धरलास, त्यात तुझी काय चूक? केर म्हटल्यावर कुणीही झाडणारच."

"मग काय म्हणायचं त्याला?" धाकटीने विचारलं.

"आत्ताच ती म्हणाली ना. पांघरूण." ते थोडे हसले. "पातळ असेल तर ऊब देतं. सात गोधड्या एकदम टाकल्या तर खालचा माणूस गुदमरतो. ढीग काढा, पातळ राहू द्या."

त्या दिवसापासून घरात कुणी शेवाळाला केर म्हणालं नाही. भरती उतरली की थोरली बांधावरून विचारी, "आज पांघरूण किती आलंय?" ऐकणाऱ्या पोस्टमनला वाटे, बाईचं डोकं फिरलं.

पण माझ्या बाबतीत गोष्ट राहिलीच होती. त्याच आठवड्यात थोरली मला घेऊन सुताराच्या दुकानात गेली. मी समजून चुकले. आता ही दात बसवून घेणार, आणि हात तिचाच, तो काही बदलायचा नाही. सुतारही आता म्हातारा झाला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जमिनीवर रंध्याची सालपटं घोट्यापर्यंत. त्याने मला ओळखलं, हातात घेतलं, फटीवरून बोट फिरवलं.

"हिचा दात बसवायचाय ना? तुमची धाकटी केव्हाच सांगून गेली होती, उद्या आणते म्हणून."

"बसवायचा नाही," थोरली म्हणाली. "पाडायचेत. एक सोडून एक."

सुताराने चष्म्यावरून पाहिलं. "जन्मभर दात बसवत आलो. पाडायला कुणी आलं नव्हतं."

"आता आले ना."

"बाई, चांगली जिन्नस आहे. मी स्वतः केलेली आहे."

"माहीत आहे. म्हणून तुमच्याकडेच आणली."

त्याने पाचरा काढल्या आणि खालून हातोडीने हलके ठोकत एक सोडून एक दात बाहेर काढला. दात नीट पुसून त्याने एका डब्यात टाकले आणि म्हणाला, "ठेवतो माझ्याकडे. उद्या मन बदललं तर पुन्हा बसवू."

"ठेवू नका," थोरली म्हणाली. "मन बदलेल. माझा हात मला ठाऊक आहे. चार दिवस बरं चालेल, मग एखाद्या सकाळी मला एक रेघ खुपेल आणि मी तुमच्या दारात येईन. ते दात मला द्या."

आजवर माझ्याविषयी पुष्कळ चांगलं बोललं गेलं होतं. पण त्या वाक्याइतकं कुठलंच माझ्या मनाला भिडलं नाही. तिने आपला स्वभाव बदलायचा प्रयत्न केला नाही. तो बदलणार नाही हे ओळखलं आणि मला बदललं. मला वाईट वाटलं का? दात गेल्याचं थोडं वाटलंच. मी लाकडाची असले तरी निर्विकार नाही. पण थोरलीला ते सांगताना किती जड गेलं, हे मी तिच्या मुठीत होते म्हणून मला कळलं.

पडलेलं स्वयंपाकघर पुन्हा बांधलं नाही. तिथला बांध थोडा आत घेतला. दोघींची चूल धाकटीच्या बाजूला एकत्र आली. माझे दात त्या स्वयंपाकघराच्या भिंतीत खुंट्या म्हणून ठोकले आहेत. त्यांच्यावर पळ्या आणि झारे टांगतात, अर्थात उंचीप्रमाणे. धाकटी अधूनमधून मुद्दाम एखादी पळी चुकीच्या खुंटीवर अडकवते. थोरली ती परत जागेवर लावते. मुलगे बोटीवरून आले तेव्हा थोरल्याने विचारलं, एवढ्या खुंट्या कशाला? दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

थोरलीच्या बाजूचं गवत लगेच आलं नाही. पहिल्या वर्षी तर काहीच नाही. तिने बांधावरच्या ढिगातलं शेवाळ पाट्यांनी नेऊन आपल्या उघड्या चिखलावर पातळ पसरलं. जे काढण्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं तेच ती परत घालत होती. पुढे एक कोंब दिसला, मग आणखी काही. आता तिथे रांगा आहेत. सगळीकडे नाहीत. काही जागी चिखल इतका धुऊन गेलाय की तिथे आता पाणीच साचतं, आणि तिथे गवत येईल असं मामंजीही म्हणत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी एक मागणं मागतात. मला ऊन-पावसात टाकू नका, तेल लावा, मोडलं तर दुरुस्त करा. हे सगळं मागणं रास्त आहे. तुम्ही घरातल्या जुन्या वस्तूंना नीट ठेवा, त्यांचा दुवा लागेल. माझं मागणं मात्र थोडं उलटं आहे.

मी आता खोपीच्या दाराशी टेकलेली असते. येणारा-जाणारा मला बघतो आणि चांगल्या मनाने म्हणतो, "अरेरे, बिचारीचे निम्मे दात पडलेत. द्या, बसवून आणतो." तेव्हा थोरली हातातलं काम टाकून बाहेर येते आणि म्हणते, "राहू द्या. तिला तेवढेच पुरतात." पण मामंजी आता फार दिवस ओट्यावर बसतील असं नाही. थोरली, धाकटीही कायमच्या नाहीत. कधी तरी या घरात नवं कुणी येईल, टापटिपीचं, कामसू, चांगल्या मनाचं. मला बघेल आणि सुताराचा पत्ता विचारेल. तेव्हा त्याला अडवणारं कुणी नसेल आणि मला जीभ नाही. म्हणून आज तुम्हाला सांगून ठेवते. माझे दात बसवू नका.